मागे खेळणाराही मोठाच

फुटबॉल म्हटला की सगळ्यांना गोल मारणाराच आठवतो. मागे राहून गोल अडवणाऱ्याला कुणी विचारत नाही. हे मला मुळीच पटत नाही.

इंग्लंडचा माइल्स लुईस-स्केली बघा. त्याचा जन्म २००६ सालचा. लहानपणीच तो लंडनच्या आर्सेनल क्लबात खेळ शिकायला गेला. तिथे तो मैदानाच्या मधोमध खेळायचा. पण मोठ्यांच्या संघात त्याला डाव्या बाजूला मागे उभे केले. जागा बदलली तरी त्याने ती चांगली सांभाळली. २१ मार्च २०२५ रोजी वेम्बली मैदानावर अल्बानियाविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला आणि त्याने गोलही केला. पहिल्याच सामन्यात गोल करणारा इंग्लंडचा सर्वांत कमी वयाचा खेळाडू तोच ठरला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता.

पण मला वाटते, तो गोल झाला नसता तरी तो मोठाच. इंग्लंडने सामना २-० असा जिंकला. समोरच्यांचा शून्य कुणामुळे झाला? मागच्यांमुळेच ना! मारलेले गोल सगळे मोजतात, अडवलेले कुणीच मोजत नाही.

म्हणून मित्रांनो, टाळ्या मागच्यांसाठीपण वाजवा. आणि मागे कोण उभा राहतो असे विचारले, तर खाली बघू नका. हात वर करा.