अंड्यांचा हिशेब आणि बरण्यांचा हिशेब

घरबसल्या उत्पन्न देणारा जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांच्या पैदाशीकडे पाहिले जाते. बाजारात ‘फायटर’ या नावाने ओळखला जाणारा बेटा मासा तर अनेकांना त्यातील सर्वांत सोपा वाटतो. २०२० साली केंद्र सरकारने आणलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनासाठी सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाली. हे स्वागतार्हच होते. परंतु या धंद्याचे गणित ज्या रीतीने मांडले जाते, त्यात एक मूलभूत चूक राहून जाते.

गणित मोहात पाडणारे आहे, यात शंका नाही. थायलंडमधील भातखाचरांच्या उथळ पाण्यात वाढणारा हा मासा कल्ल्यांखेरीज थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतो. त्यामुळे मोठ्या माशाला हवेचा पंप लागत नाही. नर पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडात उचलून त्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. मादीला तेवढे वेळीच बाजूला काढले की झाले. एका जोडीपासून एका वेळी शंभराहून अधिक पिल्ले मिळू शकतात. मग पिल्लांच्या संख्येला बाजारभावाने गुणण्याचा मोह कोणाला आवरणार?

खरा खर्च सुरू होतो तो यानंतर. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर तुटून पडू लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र बरणी द्यावी लागते. पन्नास नर म्हणजे पन्नास बरण्या. एका बरणीचे पाणी बदलण्यास तीन मिनिटे धरली, तरी एका फेरीला अडीच तास लागतात. आणि अशा फेऱ्या आठवड्यातून किमान दोन. रोजचे खाद्य वेगळेच. म्हणजे या धंद्याची मर्यादा अंड्यांच्या संख्येने नव्हे, तर बरण्या, पाणी आणि माणसाचे तास यांनी ठरते.

माझ्या एका विद्यार्थ्याने आपली जमाखर्चाची वही मला कौतुकाने दाखविली. खाद्य, औषधे, टाक्या यांचा खर्च पैपैपर्यंत नोंदलेला होता आणि शिल्लक नफा दिसत होता. मुलगा महाविद्यालयात असताना पाणी कोण बदलते, असे विचारता तो म्हणाला, “आई.” आईच्या तासांचा रकाना वहीत नव्हता. तो घातला असता, तर नफ्याचा तोटा झाला असता. गृहिणीच्या श्रमांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीतही स्थान नसते. तेव्हा एकट्या विद्यार्थ्याला दोष कसा द्यावा?

शिवाय सर्वांनी एकाच साध्या जातीची पैदास केली, की भाव कोसळतो. न विकलेले कापड कपाटात पडून राहते. न विकलेला मासा मात्र रोज खातो. मग बरण्या लहान होतात, पाणी बदलण्याचे दिवस लांबतात आणि भावातील घसरणीची किंमत तो मुका जीव चुकवितो. उरलेले मासे तळ्यात सोडणे हाही उपाय नव्हे. परक्या पाण्यात परका जीव सोडणे धोक्याचेच.

ही पैदास करूच नये, असे माझे म्हणणे नाही. जीवसृष्टीचे इतके जवळून दर्शन दुसऱ्या कोणत्या छंदात घडेल? मात्र जोडी एकत्र सोडण्यापूर्वी बरण्या मोजाव्यात, गिऱ्हाईक पाहावे आणि वहीत श्रमाचा रकाना आखावा. अनुदान देणाऱ्यांनीही तो रकाना भरल्याशिवाय अर्ज स्वीकारू नये.