बांधावरचें एक तास

गेल्या महिन्यांत जालन्याकडील आमच्या एका आप्तांनीं विचारलें, "शेजारी दर नांगरटीस एक तास आमच्या हद्दींत घालतो. बांध कोरला जातो, पण पीक कांहीं बुडत नाहीं. मग भांडावें कशाला?"

प्रश्न सौजन्याचा खरा. कायदा मात्र निराळा विचार करतो. दुसऱ्याच्या जमिनींत जाणूनबुजून शिरलें कीं दिवाणी अपकृत्य घडलें. नुकसान दाखवितां आलें नाहीं तरी दावा चालतो. मारहाण, डांबून ठेवणें, बदनामी हीं याच कुळींतलीं.

आपल्या पूर्वजांसही हा तंटा अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेवर वड-पिंपळ लावावे आणि जमिनीखालीं कोळसे, तूस, राख, खापऱ्या पुराव्या असें सांगितलें आहे. झाड तोडतां येतें. पुरलेली राख नांगरणाऱ्याच्या ध्यानींही येत नाहीं!

आजची ती राख म्हणजे भूमि अभिलेख खात्याची मोजणी. ती वेळींच व्हावी. १९६३ च्या मुदत कायद्यानें अतिक्रमणाच्या भरपाईचा दावा ३ वर्षांच्या आंत लावावा लागतो. ताबाच हिरावला असेल तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणें ६ महिन्यांत कोर्टांत जावें. तेथें मालकी सिद्ध करावी लागत नाहीं. मात्र दुसऱ्याचा उघड, विरोधी ताबा सलग १२ वर्षें चालूं दिला तर मालकीचाच हक्क बुडतो.

आम्हीं आप्तांस विचारलें, "पहिलें तास केव्हां पडलें?"

"वडील होते तेव्हां."

वडिलांस जाऊन १० वर्षें झालीं. मोजणीचा अर्ज आम्हीं त्याच दिवशीं लिहून दिला.