औदा आधीच पळाली होती

आमच्या वाचनगटानं या वेळी ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ पुन्हा वाचायला घेतली. 1872 साली घडणारी गोष्ट. सगळ्याजणींना शाळेतलंच आठवत होतं: हत्ती, चिता, आणि मेलेल्या राजाच्या जागी झोपून औदाला उचलून नेणारा पासपार्तू. वाचता वाचता भांडण जुंपलं. काहीजणी म्हणाल्या, ही गोऱ्या साहेबाची फुशारकी, वस्तीतल्या मुलींच्या वाचनालयात नकोच. बाकीच्या म्हणाल्या, अगं, साहसकथा आहे, संक्षिप्त प्रत ठेवू, सतीचं आटोपतं घेऊ.

मला दोन्ही मान्य नाही.

पूर्ण पुस्तकात काय आहे ते पाहा. औदा मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची, इंग्रजी शिकलेली मुलगी. आईबाप गेल्यावर मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला दिलेली. (पारशी मुलीला चिता! व्हर्नला आपल्याकडचं किती ठाऊक होतं ते दिसतंच.) राजा मेला. पुढचं ओळखून ती पळाली, पकडली गेली. तिच्या मरणात सासरच्यांचा स्वार्थ होता. हे सांगतो वाटाड्या, आणि तिच्या पळण्याला मिळतं जेमतेम एक वाक्य. सुटकेला मात्र अख्खं प्रकरण, आणि त्यात ती अफू-गांजाच्या धुरानं बेशुद्ध! फॉगसाहेबांच्या हाताशी बारा तास शिल्लक होते, म्हणून ते थांबतात. माझ्या लहानपणच्या संक्षिप्त प्रतीत तर ते एक वाक्यही नव्हतं.

क्रोमार्टी हा इंग्रज लष्करी अधिकारी तिथंच सांगतो, की न जळलेल्या विधवेचं मुंडन होतं, मूठभर भात मिळतो, कोपऱ्यात कुत्र्याचं मरण येतं. त्या धास्तीनं बायका चितेवर चढतात. म्हणजे ‘स्वखुशी’तला खोटेपणा व्हर्नलाही कळला होता. 1987 साली देवराळ्यात अठरा वर्षांची रूपकुंवर जळाली, तेव्हा तलवारी घेऊन जयजयकार करणाऱ्यांनी हीच ‘स्वखुशी’ पुढे केली. सतीच्या उदात्तीकरणाच्या खटल्यातले आठजण 2024 च्या ऑक्टोबरात जयपूरच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. आणि आपण म्हणतो, सतीचं आटोपतं घेऊ?

शेवटी फॉग पैज हरून कंगाल झालाय असं वाटत असताना, लग्नाचं विचारते ती औदाच. गटातल्या एकीलाही हे आठवत नव्हतं. मलाही नाही.

वाचनालयात पूर्ण प्रत ठेवावी, आणि मुलींना पहिला प्रश्न विचारावा, औदा कोणत्या पानावर पळाली? पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. संक्षिप्तवाल्यांनी जरूर यावं. भांडू.