नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे

भिलाईत असताना एका सकाळी पोलाद कारखान्यातील एक कामगार आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मूळचे विदर्भातले, त्यांचे वडील कारखान्याच्या उभारणीच्या काळात येथे आले आणि इथलेच झाले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेली चार प्रमाणपत्रे काढून टेबलावर मांडली. जाड कागद, सोनेरी किनार, मध्यभागी त्रिदल चिन्ह आणि त्यात चोवीस आऱ्यांचे चक्र. संस्थेच्या नावात ‘भारत’ होते आणि ‘स्काउट’ही होते. मुलाने रेल्वेच्या स्काउट-गाइड कोट्यातून अर्ज केला होता आणि कागदपत्रांच्या तपासणीत ही प्रमाणपत्रे मान्य संस्थेची नाहीत असे सांगून तो बाद करण्यात आला होता. चार वर्षे शिबिरांचे शुल्क भरले, गणवेश शिवला, मुलगा उन्हातान्हात मेळाव्यांना गेला. वडिलांचा प्रश्न एकच होता, “साहेब, यावर अशोकचक्र आहे. मग हे सरकारी कसे नाही?”

या प्रश्नाचे खरे उत्तर मोठे विचित्र आहे. ज्या संस्थेचे नाव येथे वापरले गेले, ती भारत स्काउट्स अँड गाइड्स हीदेखील सरकारी नाही. ती एक नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था आहे. शासन तिला मान्यता देते, अनुदान देते, तिच्या राष्ट्रपती पुरस्काराला नोकरभरतीत स्थान देते. पण तिचा कारभार ती स्वतः पाहते. म्हणजे त्या वडिलांना अशोकचक्रातून जी हमी दिसत होती ती शासनाची नव्हतीच, ती एका नावाची होती. असे नाव राखायचे कोणी?

हे नाव सहजासहजी मिळालेले नाही. इंग्रजी अमदानीत भारतात स्काउटिंगचे अनेक पंथ होते. आरंभी भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता, म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत वेगळी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेतून सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. गाइड मुलींचे देशातील पहिले पथक १९११ साली जबलपूरला, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रांतात, सुरू झाले. भिलाई-दुर्गचा हा सारा प्रदेश त्याच प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले विवियन बोस हे तर बॉय स्काउट्स असोसिएशनचे भारताचे चीफ कमिशनर होते. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वाटाघाटी झाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन प्रमुख संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ जन्माला आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सही तिच्यात सामील झाल्या. वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या माणसांनी आपापली जुनी नावे सोडली, तेव्हा हे एक नाव तयार झाले.

त्याच १९५० साली संसदेने बोधचिन्हे व नावे यांचा अनुचित वापर रोखणारा कायदा केला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४६ साली आपले नाव व चिन्ह राखण्याची विनंती सदस्य देशांना केली होती, ती या कायद्यामागे होती. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत जी नावे आणि चिन्हे येतात, त्यांचा किंवा त्यांच्या फसव्या नकलेचा व्यापार-व्यवसायासाठी वापर केंद्र शासनाच्या परवानगीविना करता येत नाही. भारत स्काउट्स अँड गाइड्सचे नाव व चिन्ह या अनुसूचीत आहे. अशोकचक्र तर स्वतंत्रपणेही आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण ‘व्यापार-व्यवसाय’ या शब्दांत आहे. नक्कल करणारी संस्था म्हणते, आम्ही व्यापार करत नाही, सेवा करतो. माझ्या मते प्रमाणपत्रासाठी शुल्क घेतले की तो व्यवसायच झाला. परंतु हा वाद न्यायालयात नेणार कोण? कलम ६ प्रमाणे खटल्यालाच केंद्र शासनाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते, आणि इतके करून मूळ कायद्याने १९५० साली ठेवलेली शिक्षा होती पाचशे रुपयांपर्यंत दंड. जिल्ह्यातला कोणता अधिकारी यासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करील?

मराठी वाचकाला या कायद्याची एक बाजू परिचित आहे. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीच्या बिडीवर शिवछत्रपतींचे नाव व चित्र होते. महाराजांचे नाव अनुसूचीत आल्यावर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७५ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्याच कंपनीची संभाजी बिडी मात्र अनेक वर्षे विकली जात होती, कारण ते नाव अनुसूचीत नव्हते. ते २०२१ च्या सुमारास बदलले ते जनमताच्या रेट्याने. कायदा अनुसूचीपुढे पाऊल टाकत नाही. पण जिथे तो बिनतोड लागू होता तिथे तरी काय झाले? रेडक्रॉसच्या चिन्हाला १९६० पासून स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे आणि तरीही डॉक्टरांच्या गाडीवर, औषधांच्या दुकानावर तो लाल क्रॉस आपण रोज पाहतो.

म्हणून मला कायद्यातील सर्वांत उपयुक्त कलम शिक्षेचे वाटत नाही, तर कलम ४ वाटते. अनुसूचीतील नावाशी विसंगत ठरेल अशा नावाची संस्था, कंपनी वा व्यापारचिन्ह नोंदवू नये, असे बंधन ते नोंदणी अधिकाऱ्यावर घालते. शंका असेल तर प्रश्न केंद्राकडे पाठवता येतो. यात खटला नाही, साक्षीदार नाहीत. एक कारकून आणि एक अधिकारी यांनी अर्ज आल्या दिवशी अनुसूची उघडून पाहायची, एवढेच काम. प्रत्यक्षात सोसायटी नोंदणीच्या टेबलावर पाहिले जाते ते त्याच नावाची दुसरी संस्था आपल्या नोंदवहीत आहे की नाही. ‘भारत’च्या आधी ‘अखिल’ जोडले की नाव वेगळे झाले! अनुसूचीची प्रत मी अनेक नोंदणी कार्यालयांत मागून पाहिली आहे. ती सापडायला वेळ लागतो एवढेच सांगतो.

दुसरे टेबल मुख्याध्यापकाचे. खऱ्या संघटनेत पथकाची नोंदणी जिल्हा संघाकडे असते. प्रवेश, तीन सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती पायरी असते. हा क्रम शाळेच्या फलकावर लावला आणि जिल्हा शिक्षण कार्यालयाने दरवर्षी नोंदणीकृत पथकांची यादी प्रसिद्ध केली, तर पालकाला विचारायला जागा राहील. भिलाईसारख्या गावात याची गरज अधिक. येथे सेक्टरांतून केरळपासून पंजाबपर्यंतची कुटुंबे राहतात. गावाकडची ओळखीपाळखीची चौकशी इथे चालत नाही, कागदावरच विश्वास ठेवावा लागतो.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘स्काउट’ हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही. दुसरी संघटना वेगळ्या नावाने, वेगळ्या चिन्हाने मुलांना डोंगरावर नेत असेल, गाठी बांधायला शिकवत असेल, तर तिच्यामागे चौकशी लावणे हा अधिकाराचा गैरवापर होईल. ब्रिटनने १९२६ साली सनदी संस्थांची नावे व गणवेश राखणारा कायदा केला, अमेरिकेने १९१६ सालच्या सनदेत बॉय स्काउट्सना आपल्या चिन्हांचा हक्क दिला. तरी तिथेही नावांवरून वाद चालूच राहिले. नाव राखणे आणि मक्तेदारी राखणे यांतली रेघ अधिकाऱ्याने स्वतः ओढायची असते, आणि दरवेळी ती नेमकी पडेलच असे नाही.

त्या दिवशी मी नोंदणी कार्यालयाला पत्र लिहिले, शिक्षण कार्यालयाला लिहिले, आणि वडिलांना खऱ्या जिल्हा संघाचा पत्ता दिला. पण राष्ट्रपती पुरस्काराच्या पायऱ्या वयाशी बांधलेल्या असतात आणि मुलाचे ते वय निघून गेले होते. जाताना वडिलांनी चारही प्रमाणपत्रे पुन्हा वेष्टनात घातली. मुलगा म्हणाला, “ठेवू द्या बाबा, शिबिरं तर खरीच होती.”