अकरा महिन्यांच्या करारावरचं पुस्तक

पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला 'लिव्ह अँड लायसन्स' हे शब्द पाठ असतात. अकरा महिन्यांचा करार, अंगठ्याचे ठसे आणि एक ठरलेलं कलम: जागा तुम्हाला फक्त वापरायला दिली आहे, तिच्यावर तुमचा कोणताही मालकीहक्क निर्माण होत नाही. मी सहा वर्षांत असे पाच करार केलेत. त्यामुळे डिजिटल पुस्तकाच्या 'बाय' बटणाखाली बारीक अक्षरांत तेच कलम दिसलं की मी ते लगेच ओळखतो. फरक एवढाच, की घरमालक निदान 'तुला घर विकलं' असं म्हणत नाही.

मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांभाळतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि पुढे काय होणार हे अडलं की फासे टाकतात. दर वेळी अख्खं जग शून्यातून उभं करायला कुणाला वेळ नसतो, म्हणून 'सेटिंग बुक' असतं. त्यात गोष्ट नसते. शहरं, देव, राजघराणी, व्यापारी रस्ते, जुनी वैरं असतात. गोष्ट आपण घडवायची.

या प्रकारातला एक मानाचा संच म्हणजे १९८७ साली टीएसआर या अमेरिकन कंपनीनं काढलेला 'फरगॉटन रेल्म्स'. एड ग्रीनवुड आणि जेफ ग्रब यांचं काम. करड्या खोक्यात दोन पुस्तिका, मोठाले घडीचे नकाशे आणि नकाशावर ठेवून अंतर मोजण्यासाठी षटकोनी जाळी छापलेलं पारदर्शक प्लास्टिक. ग्रीनवुडनं हे जग हा खेळ जन्माला यायच्या आधी, लहानपणी, स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं होतं. त्यातली पुष्कळशी माहिती एल्मिन्स्टर नावाच्या म्हाताऱ्या जादूगाराकडून आली असं दाखवलंय, आणि ही नुसती गंमत नाही. एल्मिन्स्टर चुकू शकतो, थापा मारू शकतो. म्हणजे तुमच्या टेबलावर अमुक शहराचा राजा मेलेला असेल, तर पुस्तक खोटं पडत नाही. म्हाताऱ्याची माहिती जुनी होती, एवढंच. पुस्तकावर पेन्सिल चालवायची परवानगी पुस्तकातच आहे.

हा संच माझ्या जन्माआधीचा. जुनं खोकं परदेशातून मागवायचं तर नुसतं टपालच खिशाला झेपत नाही. मला ते जग मिळालं पीडीएफमुळे. त्यामुळे 'कागद तो कागद, नव्या पिढीला काय कळणार' असला गळा काढायला मी बसलेलो नाही. जुनं पुस्तक डिजिटल होणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण ते कुठल्या रूपात हाती येतं, याच्याशी आहे.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा.

पहिला, एप्रिल २००९. टीएसआरला १९९७ मध्ये विकत घेणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका झटक्यात थांबवली. कारण दिलं चाचेगिरीचं. 'प्लेयर्स हँडबुक २'च्या प्रती नेटवर टाकल्याबद्दल काही लोकांवर दावेही ठोकले. परिणाम काय? चोरीच्या प्रती नेटवर होत्या तशाच राहिल्या. बंद झाला तो फक्त पैसे देऊन घ्यायचा रस्ता, आणि तो उघडायला जानेवारी २०१३ उजाडलं. पण ज्यांनी फाइल आधीच उतरवून ठेवली होती, त्यांच्या संगणकावरची एक ओळही हलली नाही. कंपनीचा निर्णय त्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबला.

दुसरा, ऑगस्ट २०२४. एव्हाना अधिकृत डिजिटल रूप म्हणजे 'डी अँड डी बियाँड' हे संकेतस्थळ झालं होतं. तिथे घेतलेलं पुस्तक फाइल म्हणून मिळत नाही, तुमच्या खात्यात 'दिसतं'. खेळाचे नवे नियम येणार होते आणि कंपनीनं जाहीर केलं, की खेळाडूंच्या पात्रपत्रिकांमधले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्त्या येतील. जुन्या हव्या असतील तर स्वतः हातानं पुन्हा भरा. लोकांनी एवढा गदारोळ केला, की काही दिवसांतच कंपनीनं माघार घेतली. मात्र लोकांचं ऐकून सोडून दिलं म्हणजे करता येत नव्हतं असं नाही. २००९ मध्ये कंपनी दुकानाचं शटर ओढू शकत होती. २०२४ मध्ये ती तुमच्या बैठकीच्या खोलीत येऊन फर्निचर बदलू शकत होती. माझा घरमालकसुद्धा येण्याआधी फोन करतो.

हे किती सोपं असतं ते मला माहीत आहे, कारण मी ते केलंय. पहिल्या नोकरीत मी एका वाचनाच्या अॅपवर काम करायचो. डेटाबेसमध्ये एक रकाना होता, त्यात 'होय'चं 'नाही' झालं की वाचकाच्या कपाटातलं पुस्तक गायब. तो रकाना लिहायला मला दोन दिवस लागले. वाचकाला स्वतःच्या नोंदी बाहेर काढता याव्यात, हे काम मात्र मी नोकरी सोडेपर्यंत यादीच्या तळाशीच होतं. कुणी दुष्ट नव्हतं. त्यातून पैसे येत नव्हते, एवढंच.

मग फिरून तो फटका मलाच बसला. आमच्या पाच जणांच्या गटानं चार वर्षं एक मोहीम खेळली, एका ऑनलाइन टेबलावर. नकाशांवरच्या खुणा, मेलेल्या पात्रांची नावं, आमच्यातला एक जर्मनीला गेला त्या रात्रीचा शेवटचा डाव, सगळं तिथेच. ती सेवा बंद होत असल्याची मेल आली, तीस दिवसांच्या मुदतीची. मी ती पाहिली तेव्हा सहा दिवस उरले होते. हाती आली एक जेसन फाइल, तीत पात्रांचे आकडे होते. नकाशांवरचं आमचं अक्षर नव्हतं. ग्रीनवुडचं जग मला कुठेही परत मिळेल. आमचं मिळणार नाही.

यावर ठरावीक उत्तरं येतात. कागदही जळतो, भिजतो, रद्दीत जातो. खरंय, पण माझ्या पोटमाळ्यावर वाळवी लागली तर ती माझ्या निष्काळजीपणामुळे. प्रकाशकाच्या बैठकीत ठराव झाला म्हणून नव्हे. दुसरं उत्तर चाचेगिरीचं. त्यावर उपाय केव्हाच सापडलाय: पानावर खरेदीदाराचं नाव उमटवून फाइल विका. या खेळाची जुनी पुस्तकं आज तशीच विकली जातात आणि धंदा बुडालेला नाही. तिसरं उत्तर सोयीचं. शोध लागतो, दुवे असतात, आकडेमोड आपोआप होते. मलाही हे सगळं आवडतं, त्यासाठी मी वर्गणीही देईन. पण मग तिला वर्गणीच म्हणा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र बारीक अक्षरांवर भागतं.

कादंबरी कुणी काढून घेतली तर निदान ती वाचलेली तरी असते. सेटिंग बुक वाचून संपत नाही. त्यावर लोक वर्षानुवर्षं बांधकाम करत राहतात. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. विकत असाल तर फाइल द्या. भाड्यानं देत असाल तर तसं लिहा आणि भाड्याइतकेच पैसे घ्या. दोन्हीत, आम्ही जे त्यात भरलं ते जसंच्या तसं बाहेर काढता आलं पाहिजे, आणि ते काम यादीच्या तळाशी ढकलू नका. ही शेवटची विनंती माझ्याच धंद्यातल्या लोकांना आहे.

आमची नवी मोहीम गेल्या महिन्यात सुरू झाली. नकाशा पीडीएफमधून ए-थ्री कागदावर छापून घेतलाय. त्यावर पेन्सिलनं लिहितो.