लोकर गेली, वीण राहिली

डिसेंबर आला की या सदरात माझा तपकिरी मफलर येतो, हे वाचकांना पाठ आहे. यंदा येणार नाही. आमच्या भाचीने तो भाजला.

भाची सिरॅमिक्स शिकते. सध्या तिने घरोघरच्या वस्तू मातीत उतरवायला घेतल्या आहेत. आमच्याकडून आधी अडकित्ता गेला, मग माळ्यावरचा कंदील, मग टीव्हीचा रिमोट. नेताना ती "मामा, लगेच आणून देते" म्हणते आणि आणूनही देते. फक्त रिमोटच्या फटींत प्लास्टर बसलंय. आवाज वाढवायचं बटण एकदा दाबलं की वर येत नाही. बातम्या आता शेजारचेही ऐकतात.

रीत सोपी आहे, म्हणजे तिला. वस्तूला साबणाचा हात द्यायचा, भोवती प्लास्टर ओतायचं. वस्तू सुटून यावी म्हणून साचा तुकड्यांत करायचा. त्यात पातळ कालवलेली माती, म्हणजे स्लिप, ओतायची. प्लास्टर पाणी पितं, कडेला मातीचा थर धरतो, उरलेली स्लिप काढून टाकायची. वाळताना आणि भाजताना माती आक्रसते. अडकित्ता साधारण दहाव्या हिश्शाने लहान झाला. लोकरीला मात्र साचाच लागत नाही. ती थेट स्लिपमध्ये बुडवायची आणि वाळवून भट्टीत ठेवायची. भट्टी हजार अंशांकडे चढेपर्यंत लोकर केव्हाच जळून जाते आणि मातीचं कवच उरतं, टाक्या-टाक्यासकट.

"मला विचारायचं तरी!" मी म्हणालो.

"मामीने दिला."

"दिला," आतून उत्तर आलं. "आता निदान धुवावा तरी लागणार नाही."

हीच मामी तो मफलर खुर्चीवरून दोन बोटांनी उचलायची. आता दोन्ही हातांनी उचलते. शोकेसमध्ये त्याला मधला कप्पा मिळालाय आणि सावंतवाडीची लाकडी फळं खाली गेलीत. पाहुणे वाकून बघतात, "वा, वीण काय सुरेख आहे!" म्हणतात. माझ्या गळ्यात होता तेव्हा ही वीण कुणाला दिसली नव्हती. वस्तूचा उपयोग संपला की आपल्याकडे तिचा मान सुरू होतो. निवृत्त माणसांना हा नियम का लागू नाही, ते कळत नाही.

बरं, हा उद्योग काही आजचा नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर किंवा तेलंगणातलं कोंडापूर इथे रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. इसवी सन 14 ते 37 या काळात रोमवर राज्य करणाऱ्या तायबेरियसच्या नाण्यावरून अशा नकला केल्या जात. कित्येकींना भोक किंवा कडी असते, गळ्यात घालण्यासाठी. मला तो तेरचा माणूस फार आवडतो. खरं नाणं परवडत नसेल, किंवा बायको ते घालू देत नसेल. त्याने सरळ मातीत सम्राट उठवला आणि दोऱ्यात ओवला. तायबेरियसला कुणी विचारलं नसणार, पण त्याचं बिचाऱ्याचं नाणं मातीचं होऊन गळ्यात तरी आलं. माझा मफलर मातीचा होऊन गळ्यातून गेला.

हे सगळं मी भाचीला रंगवून सांगितलं. तेरला सापडलेल्या, केसांची नाजूक रचना असलेल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, बाहुल्या पुढचा-मागचा असा दुहेरी साचा करून काढलेल्या आहेत, म्हणजे तुझं तंत्र सातवाहनांच्या काळातलं आहे, असंही सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "माहितीये मामा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात बसून आम्ही स्केचेस केलीत." या पिढीला काही सांगायची सोयच उरलेली नाही.

सांगता सांगता तिची नजर दाराकडे होती. दाराशी माझ्या कोल्हापुरी चपला होत्या, चांगल्या झिजलेल्या, अंगठ्याचा ठसा उमटलेल्या.

"मामा, चामडंही छान जळतं," ती म्हणाली.

तेव्हापासून मी चपला घालूनच घरात फिरतो. त्यावरून मामी जे बोलते, ते सदरात छापता येणार नाही.