चिऱ्याच्या अंगावरचा चुना

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, तो उतरवला गेला. चर्च अधिक पुरातन दिसू लागलं खरं, पण उघड्या दगडाला तेव्हापासून दर पावसाळा थोडा थोडा पोखरतो आहे.

नेमका इथूनच आमच्या या अंकाचा विषय सुरू होतो: बांधकामाचं साहित्य आणि त्याचा स्वभाव.

जांभा खाणीत मऊ असतो, म्हणून चिरे कापता येतात. हवा लागली की तो कठीण होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून तर कोकणातली उतरती छपरं पागोळ्या भिंतीपासून दूर टाकतात. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. घट्ट सिमेंट तिला आतच कोंडतं.

काँक्रीटही अमर नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात.

गावाकडचं घर उतरवायचं की दुरुस्त करायचं, हा प्रश्न आज अनेक वाचकांपुढे आहे. त्यांनी निर्णय घाईने घेऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून या अंकात साहित्याची किंमत मागे ठेवून त्याचं वागणं पुढे घेतलं आहे.

तुमची भिंत पावसाळ्यात कशी वागते, ते आम्हाला कळवा. चुना मळण्याची जुनी रीत कुणाला ठाऊक असेल, तर तीही सविस्तर लिहा.